बर्बन आणि राय : फरक नावात किती, पेल्यात किती

‘बर्बन गोड, राय तिखट.’ अमेरिकन व्हिस्कीबद्दल कुणालाही विचारा, पहिल्या मिनिटात हे वाक्य येतेच. ते खोटे नाही. पण तेवढ्याच शिदोरीवर दोन पेले शेजारी ठेवून चाखायला बसलात तर फसगत ठरलेली. बाजारातल्या काही राय व्हिस्की काही बर्बनपेक्षा गोडसर लागतात आणि काही बर्बन नाकात झिणझिण्या आणतात. व्हिस्कीचे नाव कायद्याने एका आकड्यावर ठरते. चव मात्र त्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे हळूहळू सरकत जाते. चाखताना ते सरकणे पकडायचे असते.

आधी एक खुलासा. राय म्हणजे राई नव्हे. आपली राई म्हणजे मोहरी. राय हे गव्हाच्या कुळातले, कडक थंडीत आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे धान्य आहे. युरोपात त्याचा काळपट, आंबूस पाव होतो. आपल्याकडे ते पिकत नाही म्हटले तरी चालेल, म्हणून त्याला मराठीत रुळलेले नावही नाही. रायच्या तिखटपणाचा मोहरीच्या झणक्याशी काहीही संबंध नाही.

नियम काय सांगतो

धान्यांच्या मिश्रणाला या धंद्यात ‘मॅश बिल’ म्हणतात. अमेरिकेच्या नियमांनुसार बर्बनच्या मॅश बिलमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय. बाकीच्या मुख्य अटी दोघींना सारख्याच आहेत. ऊर्ध्वपातनात मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पिंपात भरताना तो ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पिंप ओकचे, नवे कोरे आणि आतून जाळलेले हवे. बाटलीत किमान ४० टक्के हवे. बर्बन अमेरिकेतच बनावी लागते. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने तिला देशाचे खास उत्पादन मानणारा ठराव केला. ती केंटकी राज्यातच बनली पाहिजे हा समज मात्र चूक आहे. बहुतेक बर्बन केंटकीत बनते, एवढेच.

यातली ८० टक्क्यांची मर्यादा वरवर कोरडी वाटते, पण चवीचा निम्मा खेळ तिथेच आहे. मद्यार्क जितका जास्त शुद्ध काढाल तितका धान्याचा वास त्यातून निघून जातो. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा पाया मळीपासून काढलेला, सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत नेलेला मद्यार्क असतो. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच, ती नंतर माल्ट आणि इसेन्स मिसळून आणावी लागते. बर्बन आणि रायमध्ये धान्य पेल्यापर्यंत पोहोचते, म्हणून धान्याचे टक्के मोजण्यात काही अर्थ आहे.

नव्या पिंपाच्या अटीमुळे एक गोष्ट आपोआप घडते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, त्यामुळे ही पिंपे जगभर विकली जातात. स्कॉटलंड सर्वांत मोठे गिऱ्हाईक, पण बंगळुरूची अमृत आणि गोव्याची पॉल जॉनही आपल्या सिंगल माल्टसाठी हीच पिंपे वापरतात. गोव्याची सिंगल माल्ट चाखून ‘व्हॅनिला लागतो’ असे वाटले असेल, तर बर्बनच्या लाकडाशी तुमची तोंडओळख झालेली आहे.

लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर व्हिस्की किमान २ वर्षे पिंपात होती. ४ वर्षांहून कमी असेल तर वय छापावेच लागते. वय छापलेले नसलेली ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान ४ वर्षांची, हे कामाचे गणित लक्षात ठेवा. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्याचा: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान ४ वर्षे सरकारी देखरेखीच्या गोदामात, आणि बाटलीत नेमके ५० टक्के. त्या काळी व्हिस्कीत रंग आणि नाही नाही ते मिसळत, त्यावरचा हा उपाय होता. आज त्याचा फायदा वेगळाच आहे. तुलनेसाठी एकाच तीव्रतेच्या बाटल्या आयत्या मिळतात. ‘स्मॉल बॅच’ला मात्र कायदेशीर व्याख्या नाही, त्यावर फार विसंबू नका. आणि कॅनडाच्या बाटलीवर ‘राय’ दिसले तर सावध राहा. तिथल्या नियमात रायच्या प्रमाणाची अटच नाही, त्यामुळे ही बाटली अमेरिकन रायच्या रांगेत ठेवू नये.

उरलेले ४९ टक्के

नियम ५१ टक्क्यांचे सांगतो. उरलेल्या ४९ मध्ये काय घालायचे ते डिस्टिलरी ठरवते. सगळा गोंधळ, आणि सगळी गंमतही, तिथे आहे.

नेहमीच्या बर्बनमध्ये मका ७० ते ८० टक्के, थोडी राय आणि थोडा मोड आणून वाळवलेला जव असतो. जवातली विकरे पिष्टाची साखर करतात. वाइल्ड टर्कीचे मिश्रण ७५ टक्के मका, १३ टक्के राय, १२ टक्के जव असे आहे. फोर रोझेस दोन मिश्रणे वापरते, त्यातल्या एकात राय तब्बल ३५ टक्के आहे. मेकर्स मार्कमध्ये राय अजिबात नाही. तिच्या जागी १६ टक्के गहू आहे. अशा बर्बनला ‘व्हीटेड’ म्हणतात.

राय व्हिस्कीतही असेच दोन तट आहेत. केंटकीची राय बहुधा ५१ टक्क्यांच्या काठावर बसते आणि उरलेल्यात मका भरपूर असतो. दुसरीकडे इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या डिस्टिलरीचे मिश्रण ९५ टक्के राय आणि ५ टक्के जव असे आहे, आणि तो माल अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात. बुलेट राय त्यातलीच. (लॉरेन्सबर्ग दोन आहेत. वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस केंटकीच्या लॉरेन्सबर्गजवळच्या. लेबल वाचताना राज्याचे नाव बघा, नाहीतर गोत्र चुकते.)

आता आकडे ओळीने मांडू. मेकर्स मार्कमध्ये राय ०, वाइल्ड टर्की बर्बनमध्ये १३, फोर रोझेस सिंगल बॅरलमध्ये ३५, रिटनहाउस या केंटकी रायमध्ये ५१ च्या आसपास, बुलेट रायमध्ये ९५. फोर रोझेस आणि रिटनहाउस यांच्यात १६ टक्क्यांचे अंतर, पण एक बर्बन आणि दुसरी राय. रिटनहाउस आणि बुलेट यांच्यात ४४ टक्क्यांचे अंतर, पण दोन्ही राय. नावावर विसंबून चाखले तर शेजारी परके वाटतात आणि परके सख्खे. या पाच बाटल्यांना आपण शिडी म्हणू. पुढची सगळी चाचणी या शिडीवरच आहे.

कोणता वास कुठून येतो

पिंप आतून जाळतात तेव्हा वर कोळशाचा थर होतो आणि त्याच्या आत भाजलेल्या लाकडाचा तांबूस थर. व्हिस्की उन्हाळ्यात फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिला, भाजलेल्या शर्करांपासून करपवलेल्या साखरेचा आणि काकवीचा वास, ओकच्या लॅक्टोनपासून ओल्या खोबऱ्याची आठवण, टॅनिनपासून तुरटपणा. रंगही सगळा लाकडाचाच. बर्बन आणि ‘स्ट्रेट’ राय यांत बाहेरून रंग घालायला बंदी आहे.

आता गोची. ओकमधूनच युजेनॉलही येते, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेचा वास. चाखणारा बर्बनमध्ये लवंग-दालचिनी हुंगतो आणि ‘राय जाणवते’ असे जाहीर करतो, तेव्हा बऱ्याचदा तो लाकूडच हुंगत असतो. शिडीच्या तळाशी मेकर्स मार्क याचसाठी ठेवायची. तिच्यात राय नाहीच. तिच्यात जी काही लवंग-दालचिनी मिळेल ती लाकडाची किंवा आंबवणीची. तेवढी वजा करून मग वरच्या पायऱ्या चढायच्या. ही वजाबाकी न करता लिहिलेली चवीची वर्णने वाचायला छान असतात, पण त्यांतून धान्याबद्दल काही कळत नाही.

रायचे स्वतःचे काय? तिच्या दाण्यात फेरुलिक आम्ल भरपूर असते आणि काही यीस्ट त्यापासून लवंग-मसाल्याच्या वासाचे संयुग बनवतात. म्हणून इथेही लवंग, पण सोबत आणखी मंडळी असतात: काळी मिरी, पुदिना, शहाजिरे, संत्र्याची साल, कोरड्या पावाचा कवच. ९५ टक्क्यांच्या रायमध्ये बहुतेकांना चटकन सापडणारा वास म्हणजे शेपू. इंग्रजीत वाचून हा वास डोळ्यांपुढे येत नाही, पण मराठी घरात शेपूची भाजी न हुंगलेला माणूस विरळा. ताजी शेपू चिरताना येणारा हिरवा, किंचित थंड वास आठवा आणि पेल्यात तोच शोधा. केंटकीच्या ५१ टक्क्यांच्या रायमध्ये तो फिका पडतो, कारण मक्याचा गोडवा त्याच्यावर बसतो.

मका चवीला मऊ आणि गोडसर: लोणी लावलेले कणीस, लाह्या. काही बर्बनमध्ये भाजलेल्या शेंगदाण्याचा, चिक्कीचा वास ठळक असतो. पिकलेले केळे बहुधा यीस्टचे काम. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर घाबरू नका. पेला १० मिनिटे तसाच ठेवला की तो बराच ओसरतो.

खरी साखर मात्र यात कुठेच नसते म्हटले तरी चालेल. ती यीस्टने खाल्लेली असते आणि जे उरते ते ऊर्ध्वपातनात वर येत नाही. बर्बन ‘गोड’ लागते ती बहुतांशी व्हॅनिला आणि कारमेलच्या वासामुळे. मेंदू त्या वासांना गोडाशी जोडून बसलेला असतो.

मांडामांड

पेला तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास वर गोळा होतो. ग्लेनकेर्न हा खास व्हिस्कीचा पेला मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान वाइनग्लास. कटिंगचा ग्लास दिसायला झकास, पण तो वर रुंद होत जातो, वास पसरून जातो. स्टीलचा पेला नकोच. सगळे पेले एकसारखे असावेत आणि साबण धुऊन गेलेला असावा. रिकामा पेला हुंगून बघा. कपाटाचा, फडक्याचा किंवा भांडी घासायच्या पावडरचा वास आला तर गरम पाण्याने पुन्हा विसळा. ही एक पायरी गाळल्यामुळे जितक्या चांगल्या बाटल्यांना नावे ठेवली जातात तितकी दुसऱ्या कशामुळे क्वचितच.

प्रत्येक नमुना १० मिली पुरे. पाच नमुन्यांचे ५० मिली होतात, म्हणजे एका मोठ्या पेगपेक्षा कमीच. गरजेपेक्षा जास्त ओतले की चौथ्या पेल्यापर्यंत जीभ बधिर होते आणि पाचवा पेला, तो कोणताही असो, ‘सगळ्यांत गुळगुळीत’ वाटतो. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात. घरीही एक मग जवळ ठेवायला लाज वाटू देऊ नका.

आता तीव्रता. अमेरिकन ‘प्रूफ’ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडच्या बाटलीवरचे ४२.८ टक्के जुन्या ब्रिटिश मोजणीतल्या ७५ प्रूफमधून आले आहेत. त्या मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के. दोन्ही प्रूफ एकच समजून हिशेब केला तर गडबड होते, म्हणून सरळ टक्के वाचा.

शिडीतल्या पाचांपैकी मेकर्स मार्क आणि बुलेट राय ४५ टक्क्यांच्या, फोर रोझेस सिंगल बॅरल आणि रिटनहाउस ५० च्या, वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ ची. निर्यातीच्या बाटल्यांत आकडा बदलू शकतो, हातातल्या बाटलीवरचाच धरा. ५० ची दारू ४५ च्या शेजारी ठेवली तर ती मद्यार्कामुळेच तिखट वाटणार आणि दोष रायला जाणार. म्हणून सगळ्या ४५ वर आणायच्या. सूत्र सोपे आहे: नमुन्याचे मिली गुणिले आताचे टक्के, भागिले हवे ते टक्के, आलेल्या उत्तरातून मूळ मिली वजा केले की घालायचे पाणी. १० मिलीसाठी ५० वरून ४५ वर यायला १.१ मिली पाणी लागते, ५०.५ वरून यायला १.२ मिली. केमिस्टकडून २ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा. चमच्याने हे मोजता येत नाही. चहाचा चमचा ५ मिलीचा, त्यात सगळा डाव उलटतो. पाणी आरओचे किंवा बाटलीचे घ्या, नळाच्या पाण्यातले क्लोरीन वास बिघडवते.

पाणी घातल्याने फक्त तीव्रता उतरते असे नाही. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर रेणूंचे वर्तन मांडून दाखवले, की मद्यार्क कमी असताना ग्वायकॉल हे धुरकट वासाचे संयुग द्रवाच्या पृष्ठभागाशी जास्त राहते आणि तीव्रता वाढली की खाली मिश्रणात ओढले जाते. थेंबभर पाण्याने व्हिस्की ‘उघडते’ या जुन्या अनुभवाला त्यातून एक कारण मिळाले.

तापमान हा आपल्याकडचा खास त्रास. एप्रिलच्या मुंबईत ३२ अंशांची व्हिस्की ओतली की आधी मद्यार्काची वाफच नाकात जाते. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, काढा, ओता. २० ते २२ अंशांच्या आसपास वास नीट कळतो. बर्फ घालू नका. थंडीने वास दबतो आणि गारठलेले ओक जास्त तुरट लागते. पंखा थेट पेल्यांवर नको. उदबत्ती, अत्तर, फोडणी, सगळे बंद. आणि चखणा नंतर. मसाला शेंगदाणे किंवा ठेचा खाल्ल्यावर रायची मिरी शोधणे म्हणजे ढोलताशाच्या पथकात उभे राहून सतार ऐकणे. मधे तोंड साफ करायला साधा पाव आणि कोमट पाणी बरे.

हुंगणे आणि घोट

ओतून पेल्यावर बशी झाकून १० मिनिटे थांबा. मग पेला हनुवटीपाशी आणा, तोंड किंचित उघडे ठेवा आणि हळू श्वास घ्या. नाक पेल्यात खुपसले की नाकातल्या जळजळीच्या नसा जाग्या होतात आणि दोनतीन मिनिटे दुसरे काही कळत नाही. एकेक नाकपुडी आळीपाळीने वापरून बघा, बऱ्याचदा एक जास्त मोकळी असते.

पहिला अगदी छोटा घोट फक्त तोंड सरावण्यासाठी. त्यावरून मत बनवू नका. दुसरा चहाच्या चमच्याच्या निम्म्याएवढा घ्या, जिभेवर फिरवा, दोनतीनदा चावल्यासारखे करा. याला केंटकीत ‘केंटकी च्यू’ म्हणतात. १० सेकंदांनी गिळा किंवा थुंका आणि नाकाने श्वास सोडा. बरेच काही त्या सोडलेल्या श्वासात कळते.

आता या लेखातला सर्वांत उपयोगी प्रयोग. नाक चिमटीत धरून वाइल्ड टर्की बर्बनचा घोट घ्या, पाच सेकंद थांबा, मग चिमूट सोडा. पाण्याने तोंड विसळून बुलेट रायबरोबर हेच करा. नाक बंद असताना दोघींत फरक फार थोडा लागतो: थोडी जळजळ, थोडा कडवटपणा, थोडा तुरटपणा. चिमूट सुटल्याबरोबर पहिलीत व्हॅनिला-कारमेल येते आणि दुसरीत पुदिना-शेपू-मिरी. म्हणजे रायचा ‘तिखटपणा’ मिरचीसारखा जिभेवर भाजणारा नाहीच. तो मुख्यतः मसाल्याचा वास आहे, सोबतीला गोड वासांचा अभाव. सारख्या तीव्रतेला जे घशाशी आणि छातीत जळते ते मद्यार्काचे. एकदा हे वेगळे करता आले की ‘राय फार कडक असते’ ही तक्रार बहुतांशी मिटते, कारण कडक ती बाटली असते, धान्य नव्हे.

शब्दांच्या बाबतीत मराठी चाखणाऱ्याचे एक फावते. इंग्रजीत ज्याला नुसते ‘ड्राय’ म्हणून सोडून देतात त्याच्यासाठी आपल्याकडे तुरट हा नेमका शब्द आहे: कच्ची सुपारी, जास्त उकळलेला चहा, अर्धे पिकलेले जांभूळ. कडू वेगळे, तुरट वेगळे. तुरट म्हणजे पिंपाचे टॅनिन, वय जास्त झाल्याची खूण. कडू असेल तर ते बहुधा घोटाच्या शेवटी जिभेच्या मागे रेंगाळते. वहीत हे दोन रकाने वेगळे करा. आणि बोलण्याआधी लिहा. मंडळींपैकी एकाने ‘केळे’ म्हटले की पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना केळे सापडते.

शिडी चढताना क्रम मेकर्स मार्ककडून बुलेटकडे. उलटे गेलात तर पुदिन्याच्या मागून मेकर्स मार्क पाणचट वाटेल. पाचही एकदा हुंगून मगच पहिला घोट घ्या. ३५ आणि ५१ या पायऱ्यांवर जास्त वेळ द्या. तिथे फरक नावाने सांगितल्याइतका मोठा नाही. शिवाय त्या दोघींत यीस्ट वेगळे, डिस्टिलरी वेगळी, वय वेगळे, त्यामुळे जो फरक सापडेल तो सगळा रायच्या खात्यावर टाकता येत नाही. फक्त धान्याचा फरक बघायचा असेल तर त्यातल्या त्यात स्वच्छ जोडी म्हणजे वाइल्ड टर्की १०१ बर्बन आणि वाइल्ड टर्की १०१ राय. डिस्टिलरी एकच, दोन्ही ५०.५ टक्के, दोन्हींचे पिंप चौथ्या क्रमांकाच्या खोल जाळणीचे, मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले. वय मात्र इथेही सारखे असेलच असे नाही.

डोळे झाकून

इतके केल्यावर खरोखर फरक कळतो की लेबल वाचून कळल्यासारखे वाटते, हे तपासायला त्रिकोणी चाचणी. दुसऱ्या कुणाला सांगा: तीन सारखे पेले, दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी ५ मिली. खूण पेल्याच्या बुडाला. तुमचे काम एकच, वेगळा पेला ओळखणे. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतेच, म्हणून एका यशाने हुरळून जाऊ नका. पाच वेळा करून चार वेळा बरोबर आले, तर तेवढे नशिबाने जमण्याची शक्यता शंभरात साधारण साडेचार. म्हणजे तुम्हाला फरक कळतो. पाचही फेऱ्या एका संध्याकाळी करू नका, ७५ मिली होतात आणि शेवटच्या फेऱ्या दारूच ओळखत असते. पाच जणांनी एकेक फेरी केली तरी चालते, फक्त मग उत्तर गटाचे असते.

पहिली जोडी वाइल्ड टर्की बर्बन आणि बुलेट राय घ्या, दोन्ही ४५ वर आणून. मग फोर रोझेस आणि रिटनहाउस. दुसऱ्या जोडीत वेगळा पेला सापडला तरी ‘यातली राय कोणती’ या प्रश्नाला अडखळायला होते. अडखळलात तर जीभ कच्ची असे समजू नका, ५१ चा आकडाच तसा आहे. रंगावरून ओळखू नये म्हणून दिवा मंद ठेवा.

कॉकटेलमध्ये हाच फरक व्यवहारात उतरतो. मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये गोड व्हर्मूथ, म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन, असते. बर्बन घातली तर गोडावर गोड चढते, राय घातली तर तोल सावरतो. ओल्ड फॅशन्डमध्ये साखर आपल्या हातात असते, तिथे दोन्ही चालतात, फक्त रायला साखर किंचित जास्त लागते.

खर्चाचे म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणले, तरी बाटली स्वस्त म्हणता येणार नाही, आणि राय तर मोजक्याच दुकानांत दिसते. पाच जणांनी एकेक बाटली आणली की शिडी पुरी होते. ७५० मिलीत १० मिलीचे ७५ नमुने बसतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना काही ब्रँडच्या ५० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या एका प्रयोगाला पुरेशा. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण आणि मद्य परवाना लागतो, गोव्यात २१. त्या रात्री गाडी चालवायची नाही, हे थुंकणाऱ्यांनाही लागू.

बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या तर मद्यार्क बुचाला खातो आणि व्हिस्कीला बुचाचा वास लागतो. ऊन लागणारा शोकेसचा कप्पाही टाळा. बाटली एक तृतीयांशाच्या खाली आली की आतल्या हवेने वरचे फळांचे वास मावळू लागतात. तेव्हा उरलेली व्हिस्की स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेल्या काचेच्या क्वार्टरमध्ये गळ्यापर्यंत भरा आणि वर नाव, टक्के, तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी विसरलात तर महिनाभराने त्रिकोणी चाचणी आयतीच तयार असेल.